बाबांची आवडती खुर्ची

मणक्याचे डॉक्टर दिवसभर लोकांना कसं बसावं ते शिकवायचे. पाठ ताठ हवी, कमरेला आधार हवा, पावलं जमिनीला टेकलेली हवीत. पेशंट मान डोलवायचे, फी द्यायचे आणि जाताना दाराशी पुन्हा पोक काढून चालायला लागायचे. संध्याकाळी डॉक्टर स्वतःच्या घरी परतायचे, तेव्हा त्यांनीच सांगितलेल्या पद्धतीनं बसता येईल अशी एकही खुर्ची त्या घरात नव्हती.

हे दुखणं त्यांना कोपनहेगनमध्ये जडलं. मणक्यांच्या कुठल्याशा परिषदेला ते गेले होते. परिषदेत काय ऐकलं ते विमानातच विसरले, पण हॉटेलच्या लॉबीत ज्या खुर्चीत बसले होते ती काही डोक्यातून जाईना. सागवानी, पातळ पायांची, हाताखाली लोण्यासारखी गुळगुळीत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिकडच्या सुतारांनी आणि वास्तुकारांनी मिळून असलं सामान घडवलं, हे त्यांना तिथल्या दुकानातल्या पोरीनं सांगितलं. येताना त्यांनी उशीएवढं जाड एक पुस्तक आणलं आणि ते पलंगाशेजारी ठेवलं. माणूस वयाच्या पन्नाशीत प्रेमात पडला, की घरच्यांना आधी कळतं. इथेही तसंच झालं.

आधी गेलं ते मोठं कपाट. मग सोफा गेला, मग सासूबाईंनी लग्नात दिलेलं काचेचं शोकेस गेलं. भिंती पांढऱ्या झाल्या. जेवणाच्या टेबलावर एक दिवा आला, तो इतका खाली टांगलेला, की समोरच्याचं तोंड बघायचं तर मान वाकडी करावी लागे. टेबलाभोवती आल्या तीन पायांच्या खुर्च्या.

"चौथा पाय कुठे गेला?" बायकोनं विचारलं.

"लागतच नाही," डॉक्टर म्हणाले. "अनावश्यक ते सगळं काढून टाकायचं, हेच तर त्यांचं तत्त्व."

त्याच आठवड्यात औषध कंपनीचा एक माणूस डायरी देता देता मागे रेलला आणि डायरीसकट आडवा झाला. डॉक्टरांनी त्याला उठवलं, मणका तपासला आणि समजावून सांगितलं, की या खुर्चीत बसणाऱ्यानं स्वतःचे दोन पाय जमिनीवर नीट रोवून ठेवायचे असतात. म्हणजे खुर्चीनं काढून टाकलेला पाय बसणाऱ्यानं घरून आणायचा.

डॉक्टरांची बायको भूल देणारी डॉक्टर होती. भल्याभल्यांना गप्प करण्याचं शिक्षण तिनं घेतलं होतं. ते फक्त नवऱ्यावर चालत नसे. दिव्याला कपाळ आपटून आपटून तिच्या भुवईवर कायमचं टेंगूळ आलं होतं. "आपल्या घरात भूल मी द्यायची आणि टेंगूळ तू," एवढंच ती म्हणायची.

डॉक्टरांच्या तोंडी एकच शब्द असे: साधेपणा. पण तो साधेपणा सांभाळायला घरात फार कष्ट पडत. गोळ्यांची पाकिटं, चार्जर, वर्तमानपत्रं, चष्म्याच्या डब्या, जे जे म्हणून माणसं जगताना इकडेतिकडे टाकतात, ते सगळं रोज लपवावं लागे. लपवण्याच्या यादीत शेवटी बाबाही आले.

बाबा म्हणजे डॉक्टरांचे वडील. आयुष्यभर बसडेपोत नोकरी केली आणि डेपोचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. धिप्पाड देह, आवाज असा, की डेपोत भोंग्याची गरज पडू नये. गुडघे मात्र पार गेलेले. खालच्या आसनावर बसले तर उठवायला दोन माणसं लागत. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती, कोपऱ्यावरच्या दुकानातून. ती दिवाणखान्यात ठेवल्या ठेवल्या डॉक्टरांच्या डोळ्यांत खुपायला लागली.

"बाबा, गॅलरीत बसत जा. हवा किती छान येते," डॉक्टर म्हणाले.

"हवा आतही आहे," बाबा म्हणाले. पण गेले. डेपोतली चारशे माणसं ज्यांच्यापुढे टरकून असत, ते बाबा मुलाच्या दिवाणखान्यापुढे हरले आणि प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन गॅलरीत मुक्कामाला गेले. मोबाइल, वर्तमानपत्र, पाण्याची बाटली, सगळं तिथेच. काचेच्या दारातून त्यांचं डोकं तेवढं दिसे, आणि पडदा ओढला की तेही नाही.

आणि मग ती खुर्ची आली.

जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्यानं ती कुठल्याशा बंद पडलेल्या वकिलातीतून मिळवली होती. आरामखुर्ची, पाठ मागे झुकलेली, बैठक जमिनीपासून वीतभर वर वाटावी इतकी बुटकी, बैठक आणि पाठ दोन्ही दोरीनं विणलेल्या. हात रुंद, वल्ह्यासारखे, पुढे जाऊन निमुळते होणारे. खोटं कशाला बोला, खुर्ची सुंदर होती. कुठे खिळा दिसत नव्हता, कुठे नक्षी नव्हती. मागचा पाय जिथे हाताला येऊन मिळत होता, तिथे लाकडाला लाकूड असं मिळालं होतं, की कोण कुठून सुरू झालं ते बोटाला कळू नये. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा एकदा कुणी बघत नसताना त्या सांध्यावरून बोट फिरवलं होतं.

"ही सुतळी आहे?" तिनं विचारलं.

"कागदाची दोरी. पीळ घालून केलेली. तिकडे असंच विणतात."

"म्हणजे कागदावर बसायचं?"

"बसायची घाई नको," डॉक्टर म्हणाले.

आणि खरंच, ते स्वतःही बसत नसत. दवाखान्यातून आले, की हात धुऊन खुर्चीशेजारी उभे राहायचे आणि तिच्या हातावरून तळवा फिरवायचे. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"माझ्या खांद्यावर कधी इतक्या मायेनं हात ठेवला नाहीस," बायको म्हणाली.

"तुला पॉलिश कुठे लागतं?" डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं ही स्तुती झाली.

पाहुणे आले की ते खुर्चीविषयी भाषण द्यायचे. ही खुर्ची घडवणारी मंडळी कोण होती, माहीत आहे? राजामहाराजांसाठी काम करणारी नव्हेत. दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ. छोटी घरं, कारकून, मास्तर, कामगार. सामान्य माणसालाही चांगली वस्तू वापरायला मिळावी, म्हणून हे सगळं! असं म्हणताना डॉक्टर छातीवर हात ठेवायचे. आणि भाषण ऐकून भारावलेला एखादा सामान्य माणूस खुर्चीकडे सरकला, की ते चटकन म्हणायचे, "तिकडे नको, इकडे बसा."

बाबा गेले ते असे अचानक, की कुणाला काही सुचलंच नाही. सकाळी वर्तमानपत्र वाचत होते, मान कलली, संपलं. घरात दोन डॉक्टर असून दोघांच्याही हाती काही लागलं नाही. डॉक्टर रडले. अगदी मनापासून रडले, हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणाला तसं वाटणार नाही.

अंत्यविधी उरकून आले, तोवर माणसं यायला लागली होती. डेपोची माणसं. निवृत्त ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधले मेकॅनिक. तीस-तीस वर्षं डेपोत नोकरी केलेले भरभक्कम देह. खिशात किल्ल्यांचे जुडगे, कमरेला जाड पट्टे, पट्ट्यांना लोखंडी बकलं. डॉक्टरांनी रडक्या डोळ्यांनी त्या बकलांकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे चटकन कोरडे झाले.

सगळ्यांत पुढे होते ते मिशीवाले ड्रायव्हर. बाबांचे जुने जोडीदार, वजन शंभराच्या पुढे. त्यांनी दिवाणखान्यात नजर टाकली. तीन पायांच्या खुर्च्यांवर त्यांचा विश्वास बसला नाही. मग त्यांना ती दिसली. रुंद हातांची, मागे झुकलेली, जणू 'या, बसा' म्हणणारी. ते वळले, पाठ केली, गुडघे वाकवले.

"तिथे नको!" डॉक्टर ओरडले.

ड्रायव्हर अर्धवट वाकलेले तसेच राहिले. सगळे डॉक्टरांकडे बघायला लागले. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माणसाला अशा वेळी जे सुचतं ते त्याच्या डोक्यातून येत नाही, जिभेवरून घसरतं.

"ती... ती बाबांची खुर्ची आहे."

ड्रायव्हरांनी चटका बसल्यासारखं अंग वर घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. "साहेबांची?"

"हो," डॉक्टर म्हणाले. आता थांबून चालणार नव्हतं. "रोज संध्याकाळी इथेच बसायचे. आवडती खुर्ची त्यांची. मला वाटतं, रिकामीच राहू द्यावी."

कोपऱ्यात चहाचे कप लावणाऱ्या बायकोनं मान वर केली. नवऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा कप लावायला लागली, पण जरा जास्तच आवाज करत.

खुर्ची वाचली. डॉक्टरांना हायसं वाटलं. पण करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात ते उगीच नाही. आलेला प्रत्येक माणूस पुढच्याच्या कानात सांगू लागला, "ती त्यांची खुर्ची." येणारा आधी खुर्चीपुढे उभा राहून डोळे पुसायचा. कुणीतरी बाबांचा फोटो आणून बैठकीवर ठेवला. कुणीतरी फुलं ठेवली, देठांतून पाणी ठिबकणारी. ड्रायव्हरांनी स्वतः जाऊन एक मेणबत्ती आणली, पेटवली आणि त्या निमुळत्या, लोण्यासारख्या हातावर थेंबभर मेण ओतून घट्ट चिकटवली.

डॉक्टरांच्या तोंडून हुंदका फुटला.

"पोराचा किती जीव होता बापावर," एक कंडक्टर दुसऱ्याला म्हणाला.

इकडे बाकीच्यांची वेगळीच गत झाली होती. वर्कशॉपचा एक म्हातारा मेकॅनिक तीन पायांच्या खुर्चीवरून शेजाऱ्याचं सांत्वन करायला वाकला आणि त्याच्या मांडीवर जाऊन पडला. नव्या बुटक्या कोचावर ज्या तीन वयस्कर बायका बसल्या, त्यांना उठताच येईना. दहा मिनिटं बसून निघू म्हणून आलेल्या, त्या दुपार कलली तरी तिथेच. एकमेकींकडे बघून उसासे टाकायच्या. लोकांना वाटायचं दुःखाचे आहेत. शेवटी त्यांतली एक हळूच म्हणाली, "डॉक्टर, जरा हात देता?" मग डॉक्टर एकेकीला काखेत हात घालून, पेशंटला उचलतात तसं उचलायला लागले. तिसऱ्या बाईच्या वेळी त्यांच्याच कमरेत लचक भरली. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात. इथे तर दुखणं घेणाराच डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या राहायला आली; अंत्यविधीहून ती कपडे आणायला परस्पर गावी गेली होती. बाबांची धाकटी बहीण, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तासाभराच्या अंतरावरच्या गावी एकटी राहायची. अंगानं भावासारखीच, आवाजानंही. हातात काठी होती, पण ती चालण्यासाठी आहे की कुणाला दाखवण्यासाठी, ते नक्की सांगता येत नसे. ती दारातून आत आली, तसे डेपोचे गडीसुद्धा उठून उभे राहिले. अर्थात ज्यांना उठता आलं ते.

तिनं खुर्ची पाहिली. फोटो, फुलं, मेणबत्ती.

"हे काय?"

"साहेबांची आवडती खुर्ची," मिशीवाले ड्रायव्हर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "रोज संध्याकाळी इथेच बसायचे."

आत्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वर्गात फळ्यावर कुणी काहीतरी लिहून ठेवलं असावं आणि वर्ग गप्प असावा, तशी.

"काय रे बाळ्या? रोज बसायचा?"

"हो आत्या."

"ह्यात?"

"हो."

"गुडघे दुखत नसत त्याचे?"

"गुडघ्यांना फार चांगली असते ही. तीच तर खुबी आहे. उतार असा दिलाय, की सगळा भार पाठीवर जातो." दवाखान्यातला आवाज लावला होता त्यांनी, ज्याच्यापुढे पेशंट उलट बोलत नाहीत.

"असं," आत्या म्हणाली. तिनं फुंकर मारून मेणबत्ती विझवली. फोटो उचलून डॉक्टरांच्या बायकोच्या हातात दिला, फुलं बाजूला केली, काठी भिंतीला टेकवली आणि बसली.

डॉक्टरांनी डोळे मिटले. कागदाची दोरी तुटण्याच्या आवाजाची ते वाट बघत होते. आवाज आलाच नाही. डोळे उघडले, तर आत्या मागे रेलली होती. तिच्या चेहऱ्यावर जरा आश्चर्य होतं. तिनं पाठ हलवून पाहिली. दोन्ही हात रुंद लाकडावर पसरले.

"अरेच्चा," ती पुटपुटली.

आणि मग ती दिवसभर तिथून हलली नाही. येणाऱ्यांना तिथूनच भेटली, तिथेच चहा प्याली, तिथेच दुपारी तासभर घोरली. उठावंसं वाटलं, की दोन्ही हातांवर भार देऊन सरळ उठायची. तिचे हात मजबूत होते, चाळीस वर्षं डस्टर आपटलेले. डॉक्टर दर पाच मिनिटांनी येऊन विचारायचे, "आत्या, आत पलंगावर पडतेस का?" लोक म्हणायचे, आत्याची किती काळजी.

जायच्या दिवशी दिवाणखाना भरलेला होता. आत्या पिशवी घेऊन निघाली आणि मध्येच थांबली.

"बाळ्या, मला माझ्या भावाची एक वस्तू हवी. आठवण म्हणून."

"घे ना आत्या," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं घड्याळ घे. पेन घे."

"घड्याळ तुला राहू दे. मला खुर्ची दे."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. घरातल्या भिंतींशी अगदी जुळला.

"अगं, ती... तुला कुठे झेपणार? बसमध्ये कशी नेशील?"

"माझा टेम्पो आहे खाली," मिशीवाले ड्रायव्हर तत्परतेनं म्हणाले. "साहेबांसाठी एवढंही नाही करायचं?"

"फार जुनी आहे गं आत्या ती. नाजूक झालीय."

"मीही जुनी आहे. जमेल आमचं."

डॉक्टरांनी शेवटचा आधार म्हणून बायकोकडे पाहिलं. 'नको' म्हण, काहीही म्हण, असं डोळ्यांनी विनवलं. बायकोनं भुवईवरच्या टेंगळावर बोट टेकवलं, जणू विचार करतेय.

"द्यायलाच हवी," ती म्हणाली. "ज्या खुर्चीत बाबा रोज बसायचे, ती त्यांच्या सख्ख्या बहिणीकडेच जायला हवी."

कंडक्टरांनी नाकं शिंकरली. आता 'नाही' म्हणायचं, तर बाबा त्या खुर्चीत एकदाही बसले नव्हते हे सांगावं लागणार, आणि का बसले नव्हते तेही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं खुर्चीला तीन चादरी गुंडाळल्या, दोरीनं बांधल्या, टेम्पोत नीट लावून दिली. टेम्पो वळणाआड गेला तरी ते रस्त्यावर उभे होते.

"बापाची शेवटची खूण गेली बिचाऱ्याची," कुणीतरी म्हणालं.

पुढचे दोन आठवडे डॉक्टरांचं कामात लक्ष लागेना. आत्याच्या गावी दमट हवा, खिडकीतून ऊन येत असणार, लाकूड फाकलं तर? तेल कोण लावणार? एका रविवारी त्यांनी सागवानाला लावायच्या तेलाची बाटली आणि मऊ फडकं घेतलं आणि गाडी काढली. आत्याकडे त्याआधी ते कधी गेले होते, हे आठवायला त्यांना बराच वेळ लागला.

आत्याचं घर म्हणजे साधेपणाचा शत्रू. दोन खोल्यांत दहा खोल्यांचं सामान. शाळेच्या ढाली, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, विणकामाच्या टोपल्या, तीन घड्याळं, तिन्ही वेगळ्या वेळेची. आणि खिडकीशी ती. चारही पायांखाली लाकडी ठोकळे देऊन तिची उंची वाढवली होती. पाठीवर क्रोशाची झालर लावलेलं कापड, बैठकीवर पोपटाचं चित्र भरलेली उशी, आणि उशीवर एक जाडजूड मांजर. एका हातावर चहाच्या कपाचं गोल वळं उमटलं होतं.

"आत्या!" डॉक्टरांच्या तोंडून निघालं. "अगं, हे ठोकळे कशाला?"

"बसायला. उठायलाही." तिनं मांजराला हुसकलं आणि बसली. "तू उभा का? ते स्टूल घे."

डॉक्टरांनी तेलाची बाटली पुढे केली. "लाकडाला हे लावावं लागतं. अधूनमधून. नाहीतर सुकतं."

"लाव की. मी इथेच आहे." म्हणजे ती उठली नाहीच. तिनं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि डॉक्टर तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरत पाय, सांधे, हात पुसत राहिले.

मग ते दर रविवारी जायला लागले. जाताना तेल असायचं, येताना गुडघ्यांना धूळ. आत्याच्या शेजारणी म्हणायच्या, "भाचा असावा तर असा. सख्खा मुलगा करणार नाही." आत्या म्हणायची, "हो ना." तेल लावून होईपर्यंत ती त्यांच्याकडून आणखी चार कामं करून घ्यायची. दिवा बदल, माळ्यावरची बॅग काढ, मांजराच्या कानाला काय झालंय बघ. मणक्याच्या डॉक्टरांनी मांजराचा कान बघितला.

अशाच एका रविवारी ते पुढच्या पायाशी बसले होते. आत्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"बाळ्या, तुझा बाप ह्या खुर्चीत एकदाही बसला नव्हता."

फडकं थांबलं.

"रोज दुपारी मला फोन करायचा. गॅलरीतून. तासतासभर बोलायचा. मला सगळं माहीत आहे. दिवा माहीत आहे, तीन पाय माहीत आहेत, तुझ्या बायकोचं टेंगूळ माहीत आहे."

डॉक्टरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मग... मग घेऊन का आलीस?"

"चार माणसांत खोटं बोललास म्हणून. तेही मेलेल्या माणसाला पुढे करून. शाळेत असतास तर बाकावर उभा केला असता. पन्नाशीच्या माणसाला बाकावर कसं उभं करू? म्हणून खुर्ची काढून घेतली."

बाहेर कुणीतरी दुचाकी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. डॉक्टर तो आवाज ऐकत बसले. मग त्यांनी विचारलं, विचारायचं नव्हतं तरी विचारलं, "शिव्या द्यायचे का मला?"

"द्यायचा की! म्हणायचा, आमच्या घरात माणसं सोडून सगळं जागच्या जागी असतं." आत्या हसली. मग जरा थांबली. "आणि म्हणायचा, संध्याकाळी बाळ्या त्या खुर्चीवरून हात फिरवतो, ते मी काचेतून बघतो. लहानपणी डेपोत नेलं, की नव्या गाडीच्या पत्र्यावरून अस्साच हात फिरवायचा. तोच चेहरा. मी आत गेलो तर हात काढून घेईल, म्हणून जात नाही."

डॉक्टर खाली बघून पुसत राहिले. तो पाय आधीच चकचकीत झाला होता.

"नाक पूस," आत्या म्हणाली. "त्या फडक्यानं नको. तेल आहे त्याला."

नंतर ती स्वतः उठली आणि चहा टाकायला आत गेली. "तोवर बस तिथे," ती आतून म्हणाली. डॉक्टरांनी आधी मांजराकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. आणि बसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. पाठ जिथे टेकायला हवी तिथे आपोआप टेकली, खांदे खाली आले, आणि जाड पुस्तकात लिहिलेलं सगळं अक्षर न् अक्षर खरं आहे हे त्यांना कळलं. ठोकळ्यांमुळे तर जरा जास्तच खरं. त्यांना राग आला. कुणाचा, ते ठरेना.

आत्या कप घेऊन आली तशी म्हणाली, "ऊठ." ते उठले.

"मी गेल्यावर तुलाच देणार आहे," ती ऐसपैस बसत म्हणाली. "तसं सांगून ठेवलंय सगळ्यांना. तोवर काही मी हिला सोडत नाही. आल्यासारखा जरा माझी कंबर बघ. दहा वर्षं ठणकत होती, तू दिलेल्या गोळ्यांनी काडीचा फरक पडला नाही. हल्ली दुखतच नाही."

डॉक्टरांनी हात धुतले आणि आत्याला तपासलं. वाकायला लावलं, वळायला लावलं, मणका बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपला. सत्तरी उलटलेल्या बाईचा इतका मोकळा मणका त्यांनी वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता.

"काय?" आत्यानं विचारलं.

"उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "शंभरी गाठशील."

हे सांगताना आपल्याला आनंद झाला की वाईट वाटलं, हे त्या हुशार डॉक्टरांना गाडीत बसल्यावरही सांगता आलं नसतं. बहुधा थोडं थोडं दोन्ही. त्यांनी बाटलीत तेल किती उरलंय ते बघितलं आणि खुर्चीच्या दुसऱ्या हाताला लावायला घेतलं.